कडू घास

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले. वेल्हे तालुक्यात आंबी नदीवर उभ्या राहणाऱ्या त्या मातीच्या धरणाचे काम अद्याप पुरते झाले नव्हते. बांध खचू लागल्याचे ध्यानात येताच लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून तो सावरण्याची पराकाष्ठा केली, परंतु पाण्याच्या रेट्यापुढे ती अपुरी ठरली, आणि त्या लोंढ्याच्या वाटेवर असलेले, १८७९ साली पुरे झालेले खडकवासल्याचे जुने दगडी धरणही त्याच दिवशी फुटून पुण्यातल्या मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर मामलेदार-तलाठ्यांनी पंचनामे केले. पडलेल्या भिंती, वाहून गेलेली भांडीकुंडी, बुडालेले धान्य, मेलेली गुरे, या सर्वांची नोंद झाली आणि नुकसानभरपाईची तजवीजही यथावकाश झाली. परंतु अशा प्रत्येक आपत्तीत माणसाची आणखी एक वस्तू हरपते, जिच्यासाठी कोणत्याही दप्तरात रकाना नसतो. ती वस्तू म्हणजे भूक.

आमचे घर मूळचे वेल्हे मावळातले. आत्या मात्र लग्न होऊन पुण्यात शनिवार पेठेत राहिलेली. पुरात तिचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड गेले. माणसे वाचली, म्हणून सगळे देवाचे आभार मानीत होते, आणि तीही मानीत होती. पण त्या दिवसापासून तिचे अन्न तुटले. ताटावर बसावे, घास तोंडात घालावा, तो तोंडातल्या तोंडात फिरावा आणि घशाखाली काही केल्या उतरू नये, असे दिवसामागून दिवस चालले. घरात वजनकाटा कुठला? पण तिच्या हातांतल्या काचेच्या बांगड्या, ज्या मनगटाशी घट्ट बसत, त्या हात वर केला की कोपराकडे घरंगळू लागल्या, आणि त्यावरून सर्वांना काय ते कळले. रस्ते मोकळे होताच आजी गावाहून आली ती डोक्यावर नाचणीच्या पिठाचे आणि गुळाचे गाठोडे घेऊनच. तिने काही उपदेश केला नाही. वाटीभर पेज करून ती लेकीजवळ बसली आणि म्हणाली, "बाय, भूक लागायची वाट नगं बघूस. येळ झाली की दोन घोट घ्यायचं."

हे वाक्य आत्याच्या तोंडून मी अनेक वेळा ऐकले, आणि पुढे या विषयावर जे काही वाचले, त्यातील निम्मे सार त्या एका वाक्यात सामावले आहे, अशी माझी खात्री झाली. कारण ज्यांची भूक चिंतेने, भीतीने वा शोकाने नेलेली असते, त्यांना भोवतालची माणसे बहुधा दोनच गोष्टी सांगतात: एक, "मन घट्ट कर आणि खा", दुसरी, "भूक लागेल तेव्हा खाशील." पहिल्या सल्ल्यात भूक ही इच्छाशक्तीची बाब मानलेली असते आणि दुसऱ्यात ती आपोआप परत येईल असे गृहीत धरलेले असते, आणि शरीराची रचना पाहिली असता दोन्ही समजुती खऱ्या नाहीत.

संकट समोर उभे राहिले की मेंदू शरीराला लढण्याचा किंवा पळण्याचा हुकूम देतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात सुटते, हृदय जलद चालते, रक्ताचा ओघ आतड्यांकडून स्नायूंकडे वळतो आणि जठराचे काम मंदावते. त्याच वेळी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातून जे संप्रेरक सुटते, ते सगळ्या शरीराला सावध करता करता खाण्याची इच्छाही दाबून टाकते. जठर सावकाश रिकामे होत असल्यामुळे चार घासांतच पोट तुडुंब भरल्यासारखे वाटते, तोंडाला कोरड पडते, अन्नाचा वास नकोसा होतो. हार्वर्डमधील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, क्ष-किरणांचा शोध अगदी नवा असताना, मांजरांच्या जठराची हालचाल त्या किरणांच्या साह्याने पाहिली, तेव्हा मांजर बिथरले की ती हालचाल तत्काळ थांबते असे त्यांना दिसले. त्याहीपूर्वी, १८२२ साली, अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागून त्याच्या जठराला कायमचे छिद्र राहिले होते, त्यातून डॉ. विल्यम बोमाँट यांनी वर्षानुवर्षे निरीक्षण केले आणि क्रोधाने व मनःक्षोभाने पचन बिघडते, याची नोंद १८३३ च्या आपल्या ग्रंथात करून ठेवली. तात्पर्य, चिंताग्रस्त मनुष्य जेव्हा "घास उतरत नाही" म्हणतो, तेव्हा तो हट्ट करीत नसतो, लाड मागत नसतो. आपल्या जठरात काय चालले आहे, ते तो जसेच्या तसे सांगत असतो.

येथे एक शंका स्वाभाविकपणे उद्भवते. चिंतेने कित्येकांचे वजन वाढते, ते कसे? दीर्घकाळ टिकणाऱ्या ताणात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक चढे राहते, आणि त्यामुळे काहींची गोड व तळलेल्या पदार्थांची ओढ वाढते. काहींच्या बाबतीत मात्र पहिली, भूक दाबणारी अवस्थाच लांबत जाते. एकाच घरातील दोन भावांवर एकच संकट कोसळले असता एक फुगतो आणि दुसरा सुकतो, हे आपण पाहतो. त्यात एकाचा दोष व दुसऱ्याचा गुण असे काही नाही, प्रकृतिभेद आहे.

भुकेची वाट पाहू नये, याचे कारण याहूनही गंभीर आहे. चिंता भूक नेते हे सर्वांना माहीत असते. पण उपासमारच चिंतेला जन्म देते, हे थोड्यांना माहीत असते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले, हे अपेक्षितच होते. परंतु प्रयोगापूर्वी धडधाकट व प्रसन्न असलेली ही माणसे चिडखोर, उदास, एकलकोंडी झाली, कशातही मन लागेना अशा अवस्थेला पोहोचली. त्यांच्यावर कोणतेही संकट आलेले नव्हते. केवळ अन्न तुटले होते. यावरून ध्यानात येईल की चिंतेने न जेवणारा मनुष्य एका चक्रात सापडतो: चिंतेने अन्न तुटते, अन्न तुटल्याने मन आणखी खचते, आणि खचलेले मन उरलेली भूकही घालवते. हे चक्र मनाच्या बाजूने तोडणे पुष्कळदा आपल्या हाती नसते, कारण वाहून गेलेले घर एका रात्रीत उभे राहत नाही. अन्नाच्या बाजूने मात्र ते थोडेथोडे तोडता येते, आणि म्हणून भूक नसतानाही वेळेवर घेतलेले दोन घोट हे औषधासारखे असतात.

आपल्याकडच्या प्राचीन वैद्यांनी या नात्याचा विचार फार बारकाईने केलेला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात असे सांगितले आहे की पथ्यकर अन्न योग्य मात्रेत घेतले तरी चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखदायक शय्या आणि जागरण यांमुळे ते पचत नाही. सूत्रस्थानातील अष्टौनिंदितीय नामक अध्यायात अतिकृश मनुष्याचे वर्णन आले आहे. तेथे कृशतेच्या कारणांत रुक्ष अन्न, लंघन व अल्पाहार यांच्याबरोबर शोक आणि निद्रेचा अवरोध यांचीही गणना आहे. आणि विशेष लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की त्याच अध्यायात कृशाला पुष्ट करण्याचे उपाय सांगताना तूप, दूध, दही, तांदूळ, गहू, उडीद, गूळ यांच्या आधी निद्रा, हर्ष, सुखकर शय्या, मनाचे समाधान आणि प्रियजनांचे दर्शन यांचा उल्लेख येतो.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. पहिला नियम आजीचाच: घड्याळाप्रमाणे खावे. दोन मोठ्या जेवणांचा शिरस्ता काही दिवस बाजूला ठेवून दर अडीच-तीन तासांनी थोडेसे, असे पाच-सहा वेळांचे वेळापत्रक करावे. भरलेले ताट पाहूनच ज्याला दडपण येते, त्याला ताट न देता वाटी द्यावी. सकाळी उठल्यावर पुष्कळांना मळमळ असते; त्यांनी तेव्हा चार घोटांवर भागवून ज्या प्रहरी जीव जरा हलका वाटतो, त्या प्रहरी थोडे अधिक खावे. चावून खाणे जड जाते तेथे पातळ पदार्थ उतरतात, म्हणून पेज, खिमट, दूध, ताक, आमटी-भात कालवून, अशा पदार्थांपासून आरंभ करावा.

दुसरा नियम असा की घास थोडा असेल तर तो भारी असला पाहिजे. शरीराचाही एक जमाखर्च असतो. एक किलो वजन वाढण्यासाठी खर्च भागून साधारण सात ते साडेसात हजार उष्मांकांची शिल्लक पडावी लागते. रोज ३०० ते ५०० उष्मांक शिल्लक पडले तर पंधरा ते पंचवीस दिवसांत एक किलो वजन वाढते. ही रक्कम ऐकायला मोठी वाटते, पण ती आपल्या स्वयंपाकघरातच असते. लहान चमचाभर तुपात सुमारे ४५ उष्मांक असतात, मूठभर म्हणजे तीस ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांत १७०, गुळाच्या लहानशा खड्यात ५५ ते ६०, आणि पेलाभर म्हशीच्या दुधात २०० च्या आसपास. नेहमीच्या जेवणाला धक्का न लावता एवढ्या चार जिनसा दिवसभरात विभागून पोटात गेल्या, तर हवी असलेली शिल्लक जवळजवळ पुरी होते. वरणभातावर तुपाची धार, भाजीत दाण्याचे कूट, भाकरीबरोबर लोणी, दुपारी शेंगदाण्याचा लाडू, रात्री दुधात कालवलेले केळे, हे सर्व याच हिशेबात बसते. नुसत्या गोड-तुपाने चरबी वाढेल, स्नायू भरून येणार नाहीत; त्यासाठी डाळ, मटकी, अंडी, मासे, चिकन, पनीर यांपैकी जे घरात चालते, ते रोज दोन-तीन वेळा पोटात जाईल असे पाहावे. मधुमेह असलेल्यांनी गुळाचा भाग डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

मावळच्या नाचणीविषयी येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. वेल्ह्याच्या डोंगरउतारांवर, जेथे पाऊस मुसळधार कोसळतो आणि खाचरांत भात होतो, तेथे वरच्या वरकस जमिनीत नाचणी व वरई पिकते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. इतर कोणत्याही नेहमीच्या धान्यात इतका नसतो. आजी नाचणी निवडून रात्रभर भिजत घाली, सकाळी उपसून पंचाच्या फडक्यात घट्ट बांधून खुंटीला टांगी. दीड-दोन दिवसांत पांढरे बारीक मोड फडक्यातून बाहेर डोकावू लागले की ती नाचणी सावलीत सुकवून, मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजून, जात्यावर दळून वस्त्रगाळ करी. मोड कशासाठी आणायचे, हे तिला विचारले तर "त्यानं पोटाला हलकं पडतं" एवढेच ती सांगे. त्याचे कारण असे की मोड येताना धान्यात एक पाचकद्रव्य निर्माण होते आणि ते पिठातील पिष्ट फोडते. त्यामुळे अशा पिठाची पेज लवकर घट्ट होत नाही. साध्या पिठाचे दोन चमचे वाटीभर पाण्यात शिजवले की खळीसारखा गोळा बनतो. मोडाच्या पिठाचे तीन-चार चमचे घातले तरी पेज पिता येण्याजोगी पातळ राहते. म्हणजे ज्याच्या पोटात वाटीपेक्षा अधिक काही मावत नाही, त्याच्या त्याच वाटीत अधिक अन्न बसते. पीठ आधी थंड पाण्यात कालवावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग उकळत्या पाण्यात सोडून सात-आठ मिनिटे ढवळावे, उतरवताना गूळ, चिमूटभर मीठ, दूध आणि वर तूप घालावे. एवढ्यात दोनशे-अडीचशे उष्मांकांचा आहार झाला.

जसे काही घ्यावे, तसे काही टाळावेही. चिंतेच्या घरात चहाचे आधण सारखे चढलेले असते. माणसे येतात, चहा होतो, आणि दिवसभरात सात-आठ कप रिचवून मनुष्य जेवणाच्या वेळी "नको" म्हणतो. चहाने भूक मरते व झोपही उडते, म्हणून तो दोनदा पुरे, आणि तोही जेवणाच्या आधी तासभर नको. तंबाखू, मिश्री, विडी यांनीही भूक मारली जाते. खेडोपाडी आयाबाया दुःख विसरण्यासाठी मिश्रीला लागतात आणि सुकत जातात, ही फार कळवळ्याने सांगण्याची गोष्ट आहे. संकट टळावे म्हणून नवसाचे उपास धरणाऱ्यांची श्रद्धा मी जाणतो. तथापि देह सुकत असताना धरलेला उपास देवालाही मान्य होणार नाही, असे माझे मनापासून मत आहे. भूक वाढवण्याच्या किंवा अंगावर मांस चढवण्याच्या म्हणून जी चूर्णे व गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून घेतल्या जातात, त्यांत काही वेळा स्टेरॉइड असते. त्याने तोंडावर सूज येते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि जी पुष्टी दिसते ती खरी नसते. त्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ वीस-पंचवीस मिनिटे पायी फिरून यावे. मन थोडे निवळते, आतड्यांना चालना मिळते आणि जेवणाच्या वेळी आपोआप हात ताटाकडे जातो.

मात्र प्रत्येक घटलेले वजन चिंतेच्या खाती जमा करून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षाच्या अवधीत वजन वीस हिश्श्यांतील एक हिस्सा घटले, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो कमी झाले, तर डॉक्टरांना दाखवावे. क्षय, मधुमेह, थायरॉइडचे विकार आणि इतर काही दुखणी याच वेषात येतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, बारीक ताप, रात्रीचा घाम, शौचावाटे रक्त, गिळताना अडकणे, अशी लक्षणे असतील तर विलंब करू नये. ज्याने पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच खाल्लेले नाही, त्याला एकदम भरपेट खाऊ घालणे अपायकारक असते, कारण अशा वेळी रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आदी क्षार झपाट्याने उतरून हृदयावर परिणाम होऊ शकतो. त्याचा आहार वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळू वाढवावा लागतो. आणि उदासी, निद्रानाश, कशातच रस न वाटणे हे दोन आठवड्यांच्या वर टिकले, तर ते मनाचे दुखणे आहे असे समजून मानसोपचार घ्यावा. त्यात लाज कसली? केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही दूरध्वनी-सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. जगणेच नकोसे झाल्याचे विचार येत असतील, तर घरच्यांनी त्या माणसाला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

वजन वाढू लागले की रोज काट्यावर उभे राहण्याचा मोह होतो, तो आवरावा. पाणी, मीठ, शौच यांनी किलो-अर्धा किलो इकडेतिकडे होतच असते, आणि चिंताग्रस्त मनाला तेवढेही निमित्त पुरते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी काही खाण्यापूर्वी वजन करावे. पावकिलो वाढले तरी ते उत्तम समजावे.

या साऱ्या नियमांहून मोठी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या समाजाने फार पूर्वी ओळखली होती. ज्या घरी मृत्यू होतो, त्या घरची चूल पेटत नाही. शेजारी व सोयरे पिठले-भाकरी करून आणतात, दुःखितांच्या शेजारी बसतात, आणि "दोन घास घ्या" म्हणून त्यांच्या हातात भाकरी देतात. याला कडू घास म्हणतात. या चालीत भुकेची चौकशी नाही. शोक झालेल्याला भूक नसणार हे गृहीत धरून, त्याच्या वतीने इतरांनी वेळ पाळायची, रांधायचे आणि सोबत बसायचे, असा हा बंदोबस्त आहे. तो बहुधा मृत्यूपुरता राहिला आहे. पण घर जाणे, नोकरी सुटणे, पीक बुडणे, परीक्षेत अपयश येणे, लेकीचे लग्न मोडणे, यांतही माणसाची भूक तितकीच जाते आणि तेथे मात्र आपण त्याला एकटे सोडतो. पानशेतच्या धरणासाठी ज्यांची गावे गेली, त्या आंबी खोऱ्यातील कित्येक कुटुंबांना पूर्वेकडे दौंडसारख्या तालुक्यांत वसवले गेले. भात-नाचणीवर वाढलेली ती माणसे ज्वारीच्या मुलखात गेली. जमिनीच्या बदल्यात जमीन मोजून देता येते. ओळखीच्या चवीचा आणि ओळखीच्या हाताचा घास मात्र सरकारी खात्यातून मिळत नाही, तो माणसांनीच एकमेकांना द्यावा लागतो.

आजी आत्यापाशी राहिली ती भात कापणीला येईपर्यंत. पहिले आठ दिवस वाटीतली निम्मी पेज परत येई, आणि आजी ती निमूटपणे स्वतः पिऊन दोन तासांनी पुन्हा ताजी करी. पुढे वाटी रिकामी होऊ लागली. मग पेजेच्या जोडीला मऊ भात आला, मग दूध-भाकरीचा काला. एके संध्याकाळी तव्यावर भाकरी फुगली, तिचा वास खोलीभर पसरला, आणि आत्या म्हणाली, "आये, पापुद्रा मला दे." कित्येक आठवड्यांत तिने स्वतः होऊन मागितलेला तो पहिला घास होता. दिवाळीला कासाराने नव्या बांगड्या आणल्या, तेव्हा आत्याने जुन्या मापाच्याच मागितल्या. आणि त्या तिच्या मनगटाशी थांबल्या.